एल्विन रीसची जोड

नेत्रा सूर्यवंशीचे दोन अंदाज लागोपाठ चुकले होते. तिसरा द्यायला तिच्या हातात नऊ दिवस होते.

अमेरिकेत पार्सिपनी गावातल्या एका छोट्या कंपनीत ती काम करत होती. बॉक्सिंगच्या लढती केबलवाल्यांपर्यंत पोचवणं हा कंपनीचा धंदा. या लढती केबलच्या महिन्याच्या वर्गणीत मिळत नसत. ज्याला पाहायची असेल त्याने त्या एका रात्रीचे पन्नास डॉलर वेगळे भरायचे. याला पे-पर-व्ह्यू म्हणत. कोणती लढत किती घरं विकत घेतील हा आकडा लढत जाहीर होण्याआधी प्रमोटरला लागे, आणि तो आकडा काढायचं काम नेत्राकडे होतं.

मे २००६मध्ये एल्विन रीसच्या लढतीला तिने दोन लाख चाळीस हजार घरं सांगितली होती. घेतली शहाऐंशी हजारांनी. रीस पॅटर्सन शहरातला, एकतीस लढती खेळलेला आणि एकही न हरलेला. त्याच्या वजनगटातले विजेतेपदाचे तिन्ही पट्टे त्याच्याकडे होते. सप्टेंबरमध्ये डिऑन क्रॉस नावाच्या, तीनदा हरलेल्या आणि अखंड बडबडणाऱ्या माणसाच्या लढतीला तिने एक लाख दहा हजार सांगितली. घेतली चार लाख वीस हजारांनी.

आता एप्रिल २००७ चालू होता. प्रमोटरला रीसची पुढची लढत पे-पर-व्ह्यूवर लावायची होती. अडीच लाखांच्या खालचा आकडा आला तर ती साध्या चॅनेलवर जाणार होती.

"तिसऱ्यांदा चुकलं तर मी काही करू शकणार नाही," तिचा मॅनेजर कार्ल हेन्ड्रिक्स म्हणाला. तो आवाज चढवत नसे. "वरचे म्हणतील, अंदाजाचं काम बंद करा."

नेत्रा कंपनीची नोकर नव्हती. एडिसन गावातल्या एका कन्सल्टन्सीने तिला इथे पाठवलं होतं. काम बंद झालं की ती परत त्यांच्याकडे, बेंचवर, म्हणजे दुसरं प्रोजेक्ट मिळेपर्यंत घरी. तिच्या आधी बेंचवर गेलेली वल्लरी तीन महिन्यांनी नागपूरला परतली होती, कारण व्हिसा त्या कन्सल्टन्सीच्या नावावर होता. तिच्या नवऱ्याची, संग्रामची, नोकरी पक्की होती, पण त्याच्या व्हिसावर घरी बसून राहायचं हे नेत्राने कधी मनातही आणलं नव्हतं.

ती दहावीला नागपूर विभागाच्या गुणवत्ता यादीत अकरावी आली होती. पेपरात फोटो, आईच्या हातातला पेढा, सगळं झालं होतं. तिच्या मॉडेलमध्ये बॉक्सरचे विजय होते, नॉकआउट होते, पट्टे होते, क्रमवारीतलं स्थान होतं, प्रतिस्पर्ध्याचं स्थान होतं. थोडक्यात, तिने बॉक्सरांची गुणपत्रिका बनवली होती. ज्याला मार्क जास्त त्याला लोक जास्त. मॉडेल दोघांनी तपासलं होतं, एक पुण्याचा आणि एक चेन्नईचा, आणि दोघंही आपापल्या कॉलेजात पहिले आलेले. त्यांना त्यात खोट दिसली नव्हती.

खोट कुठे आहे हे शोधायला तिने फोन ऐकायचं ठरवलं. बऱ्याच ठिकाणच्या जुन्या केबलवर रिमोटने लढत घ्यायची सोय नसे. त्या लोकांचे फोन कंपनीच्या कॉल सेंटरला येत आणि रेकॉर्ड होत. नेत्राने मागच्या दोन लढतींच्या ऑर्डरींमधले दोनशे बारा फोन काढले आणि कानाला हेडफोन लावून बसली.

"माझा मेहुणा येतोय," एकजण म्हणत होता. "दोन वर्षं आम्ही बोललो नाही. टीव्हीवर काहीतरी चालू पाहिजे."

"तो बडबड्या आज मार खाणार का?" एका बाईने विचारलं. कॉल सेंटरची मुलगी म्हणाली, "सांगता येत नाही, मॅडम." "मग लावा."

जर्सी सिटीची एक नर्स म्हणाली, "आम्ही अकराजणी आहोत, ड्यूटी संपवून येणार. मला त्यातलं काही कळत नाही. क्रॉसचं थोबाड मात्र माहीत आहे."

तीन दिवसांत नेत्राने सगळे फोन ऐकले. प्रत्येकापुढे कारण लिहायला तिने एक रकाना केला होता. पट्टा हा शब्द त्यात चार वेळा आला. क्रमवारी एकदाही आली नाही.

घरी तिचे सासरे आले होते. पुरुषोत्तम सूर्यवंशी तासगावजवळच्या एका गावात हायस्कूलला गणित शिकवून निवृत्त झाले होते आणि मार्चअखेर सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले होते. दुपारी ते अपार्टमेंटच्या आवारात सात फेऱ्या मारत, मग बाल्कनीत बसून पार्किंगमधल्या गाड्या मोजत. संध्याकाळी नेत्रा वहीतल्या नोंदी पुन्हा वाचत होती तेव्हा त्यांनी विचारलं, "कसला अभ्यास चाललाय?"

तिने सांगितलं. मेहुण्याचं, नर्सचं वाचून दाखवलं. ते लक्ष देऊन ऐकत होते, मध्येच हसले.

"आमच्या यात्रेच्या कुस्त्यांना हेच," ते म्हणाले. "मी बारा वर्षं कमिटीत होतो. जोडी ठरवायचं काम माझ्याकडं. गणिताचा मास्तर म्हणून दिलं होतं."

"मग कशा ठरवायचात, बाबा?"

"पहिल्यांदा तुझ्यासारख्याच. एका वर्षी दोन नावाजलेले पैलवान आणले. एक कोल्हापूरचा, एक सोलापूरकडचा. जिल्ह्यात त्यांच्या तोडीचे नव्हते. चाळीस मिनिटं एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे. कुस्ती बरोबरीत सुटली. लोक केव्हाच उठून रसाच्या गुऱ्हाळावर गेले होते."

"आणि मग?"

"मग मी गावात हिंडलो. जे आले नव्हते त्यांना विचारलं, का आला नाहीत. जे आले त्यांना विचारून काय कळणार? ते आलेच होते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तू न आलेल्यांना विचारलंस का?"

नेत्राने विचारलं नव्हतं. ज्या फोनमधून ऑर्डर झाली नाही ते वेगळ्या फाइलमध्ये पडलेले होते आणि तिने ती उघडलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने ती उघडली. मे महिन्याच्या, म्हणजे रीसच्या लढतीच्या आठवड्यातले तीनशेवर फोन होते. बिलाच्या तक्रारी, खरखरणारं चॅनेल, हरवलेला रिमोट. प्रत्येक फोनच्या शेवटी कॉल सेंटरच्या मुलीने नियमाप्रमाणे विचारलेलं: शनिवारी एल्विन रीसची लढत आहे, घ्यायची का?

पॅटर्सनच्या एका म्हाताऱ्याचा फोन होता. त्याचं चाळीस नंबरचं चॅनेल दिसत नव्हतं. रीसचं नाव ऐकून तो म्हणाला, "एल्विनला मी तो चौदा वर्षांचा असल्यापासून बघतोय. तो जिंकणार. सकाळी पेपरात वाचीन."

"पण सर, खूप चांगली लढत आहे."

"असेल. आमच्या गल्लीत सूर्यही रोज उगवतो, मी काही बघायला उठत नाही."

नेत्राने ते तीनदा ऐकलं. मग पुढे गेली. संध्याकाळपर्यंत तिला असे नऊ फोन सापडले ज्यांत माणसाने ऑर्डर दिली नव्हती, पण जाहीरच न झालेल्या एका लढतीबद्दल विचारलं होतं. रीस ल्युथर बेलशी कधी खेळणार?

ल्युथर बेल तिच्या यादीत चौदावा होता. चार पराभव. मॉडेलच्या लेखी रीसने त्याच्याशी खेळणं म्हणजे बोर्डात आलेल्याने घटक चाचणी देणं. पण त्या नऊ फोनमधून एक हकीकत तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आली. रीस आणि बेल पॅटर्सनच्या एकाच जिममध्ये वाढले होते, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली. सरावात बेलने रीसला एकदा खाली पाडलं होतं, आणि त्या जिममधल्या सगळ्यांना ते आठवत होतं. पुढे बेल स्क्रँटनला गेला. म्हातारा प्रशिक्षक हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा रीसने बेलला कळवलं नाही, असं बेलकडचे म्हणत. कळवूनही तो आला नाही, असं रीसकडचे म्हणत. प्रशिक्षक गेल्यावर स्मशानभूमीत दोघं दोन टोकांना उभे होते.

तिने बाबांना हे सांगितलं तेव्हा ते शेंगदाणे सोलत होते. संग्राम कणीक मळत होता, तो म्हणाला, "बेस्ट. हीच फाइट लाव. सॉलिड चालेल."

"चालेल," बाबा म्हणाले. "आमचीही चालली."

"कोणती?"

"तू तेव्हा लहान होतास. बरोबरीत सुटली त्याच्या पुढच्या वर्षी. आपल्या गावातला सदा, दूध घालायचा तो, आणि नदीपलीकडचा एक पोरगा. दोघंही काही मोठे पैलवान नव्हते. पण बंधाऱ्याच्या पाण्यावरून दोन्ही गावांचं तीन वर्षं वाजत होतं. हँडबिलावर आम्ही पाण्याचं काही लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. लोक झाडावर चढून बसले होते."

"कोण जिंकलं?" संग्रामने विचारलं.

"सदा चितपट झाला. दुसऱ्या मिनिटाला." बाबांनी ताटातली शेंगदाण्याची टरफलं गोळा केली. "त्याच्या घरावर कुणी दगड मारला नाही की काही बोललं नाही. फक्त त्याच्याकडून दूध घ्यायचे बंद झाले. आपलेच लोक. दोन वर्षांनी तो पुण्याला गेला वॉचमन म्हणून. मला भेटला की नमस्कार करायचा. चांगला पोरगा होता."

"त्यात तुमचा काय दोष, बाबा?" नेत्रा म्हणाली.

"दोष कुठं म्हणालो मी? जोड मी लावली होती, एवढंच म्हणालो."

नवव्या दिवशी नेत्राने कार्लपुढे दोन आकडे ठेवले. क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या बॉक्सरशी रीस खेळला तर पंच्याण्णव हजार. ल्युथर बेलशी खेळला तर दोन लाख साठ हजार.

कार्लने कागद दोनदा वाचला. "बेल चौदावा आहे. रीस त्याला चौथ्या फेरीत झोपवेल."

"मॉडेल तेच म्हणतं."

"आणि तू?"

"लोकांना तसं वाटत नाही. खात्री असेल तर ते पेपरात वाचतात. त्यांना रीसबद्दल शंका येईल असा एकच माणूस आहे."

"दोन लाख साठ कुठून आले?"

हा आकडा मॉडेलमधून आलेला नव्हता. आजवर तिने असा आकडा कुणाला दिला नव्हता. "क्रॉसच्या लढतीला कॉल सेंटरला जेवढे फोन आले त्यांच्याशी या नऊ फोनचं प्रमाण लावलं आहे. पद्धत कच्ची आहे. पहिला आकडा पक्का आहे, दुसरा माझा आहे."

"तो चुकला तर तू गेलीस."

"माहीत आहे."

अहवालात तिने नऊ फोनची संख्या दिली, एकच जिम असल्याचं दिलं, सरावातलं पाडणं दिलं. हॉस्पिटलचं दिलं नाही. ते काही आकड्याला लागत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. प्रमोटरने बेलशीच लढत ठरवली, आणि जाहिरात करणाऱ्यांना ते शोधायला एक दिवस लागला. मेच्या मध्यावर रूट ८० या महामार्गाच्या कडेला फलक उभा राहिला. त्यावर रीसही नव्हता, बेलही नव्हता. रिंगच्या कोपऱ्यातलं रिकामं स्टूल होतं आणि त्यावर टाकलेला म्हाताऱ्या प्रशिक्षकाचा टॉवेल. नेत्रा रोज त्याच्याखालून ड्राइव्ह करत ऑफिसला जायची.

लढत जूनच्या शेवटच्या शनिवारी झाली. नेत्राच्या घरी तेवीस माणसं जमली, एका घराच्या ऑर्डरवर. कुणी पावभाजी आणली होती, कुणी नुसत्या खुर्च्या. मुलं जिन्यात खेळत होती. शेजारच्या घरी सीमाकाकू मुलीच्या बाळंतपणासाठी भारतातून आल्या होत्या. त्यांनी आयुष्यात बॉक्सिंग पाहिलं नव्हतं. सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "यातला आपला कोणता?"

सगळे हसले. नेत्रा हसली नाही. वहीतल्या तिच्या सगळ्या नोंदी या एका प्रश्नात मावत होत्या.

"दोन्ही एकाच तालमीतले, वहिनी," बाबा म्हणाले.

"अहो, मग मारामारी कशाला करतायत?"

"तेच बघायला तर जमलोय."

"निळ्या चड्डीवाला माझा," काकूंनी जाहीर केलं. "बिचारा शांत दिसतो."

निळी चड्डी रीसची होती. पाच फेऱ्या तो नेहमीसारखा खेळला, नीटनेटका, अंतर राखून, आणि दोन मुलांनी "दिस इज बोरिंग" म्हणून जिना गाठला. सहाव्या फेरीत बेलचा डावा ठोसा त्याच्या कानामागे बसला. रीस पडला नाही, पण त्याने कोपऱ्याकडे पाहिलं. म्हातारा प्रशिक्षक जिथे बसायचा तिकडे. संग्राम खुर्चीवरून उठून उभा राहिला होता आणि ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

नवव्या फेरीत रीस दोनदा खाली गेला. दहाव्या फेरीची घंटा झाली तेव्हा तो स्टुलावरून उठला नाही. बेलने हात वर केले नाहीत. तो दोरीला पाठ लावून जमिनीकडे बघत उभा राहिला, आणि त्याच्या माणसांनी त्याला खांद्यावर घेतलं.

"अगं बाई," सीमाकाकू म्हणाल्या. "माझा हरला की."

सोमवारी आकडा आला. दोन लाख चौऱ्याहत्तर हजार. कार्लने तिच्या टेबलावर कॉफीचा कप ठेवला, जे त्याने दोन वर्षांत कधी केलं नव्हतं. अंदाजाचं काम आणखी एक वर्ष चालणार होतं आणि ते नेत्राच करणार होती. त्याने कन्सल्टन्सीला तसं कळवलंही होतं.

"गुरुवारपर्यंत परतीच्या लढतीचा आकडा दे," तो म्हणाला. "रीस आणि बेल, पुन्हा. ऑक्टोबर."

तिने आधी जुनं मॉडेल चालवून पाहिलं. पराभवाचे मार्क कापून त्याने रीसला साठ हजार दिले. मग तिने लढतीनंतरच्या दोन दिवसांतले फोन मागवले.

सतरावा फोन पॅटर्सनच्या म्हाताऱ्याचा होता. आवाज तिने लगेच ओळखला. या वेळी त्याची चॅनेलबद्दल तक्रार नव्हती.

"एल्विनची पुढची लढत कधी आहे?"

"अजून जाहीर नाही, सर."

"पण तो खेळेल ना?"

"मला माहीत नाही, सर."

"माझं नाव घालून ठेवा."

"तारीख ठरल्याशिवाय ऑर्डर घेता येत नाही, सर. नंतर फोन करा."

म्हातारा फोन ठेवत नव्हता. मग तो म्हणाला, "चौदा वर्षांचा होता. मला वाटायचं, याला काही होणार नाही." आणि फोन कट झाला.

असे फोन पहिल्या दोन दिवसांत एकशे साठ आले होते. कुणी रीसच्या तिन्ही पट्ट्यांबद्दल विचारलं नव्हतं. तो परत उठेल का, एवढंच सगळ्यांना हवं होतं. आजवरच्या एकतीस विजयांनी जे जमलं नव्हतं ते न उठलेल्या एका फेरीने केलं होतं. नेत्राने आकडा लिहिला: पाच लाख दहा हजार. मग तिने खाली एक ओळ जोडली: 'रीसची स्वतःची खेळायची इच्छा असेल तर.'

संध्याकाळी कार्लचा फोन आला. "आकडा उत्तम. शेवटची ओळ मी काढली. तो आपला रकाना नाही."

"ठीक आहे," ती म्हणाली.

रीसने करारावर सही केल्याची बातमी जुलैच्या वीस तारखेला आली. रात्री जेवताना तिने ती सांगितली. संग्रामने ऑक्टोबरच्या कितव्या शनिवारी आहे ते विचारलं आणि फोनमध्ये टाकून घेतलं. बाबा भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते.

"त्याला विचारलं असेल का कुणी नीट?" ते म्हणाले. "म्हणजे, खेळायचंय का म्हणून?"

"सही त्याचीच आहे, बाबा."

"हं. सदानंही अंगठा दिलाच होता." त्यांनी आमटी वाढून घेतली. ताट उचलून सिंकमध्ये ठेवल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात थांबले.

"संग्राम, माझं तिकीट कधीचं आहे रे?"

"सत्तावीस सप्टेंबर."

"ते लढत होईपर्यंत पुढं ढकलता येतं का बघ," बाबा म्हणाले.

संग्राम म्हणाला, त्यासाठी मुक्कामाच्या मुदतवाढीचा अर्ज करावा लागेल, आणि त्यात कारण लिहावं लागतं. नेत्राने हात पुसले आणि लॅपटॉप उघडून अर्ज शोधायला घेतला.